आत्यांनी राखून ठेवलेली जागा

रविवारी गावी, मढच्या घरी कपाट आवरायला काढलं होतं. जुन्या लुगड्यांच्या गाठोड्याखाली एक काळी बॅग हाताला लागली... नानाभाऊजींचा व्हिडिओ कॅमेरा. आवरणं तिथंच राहिलं.

नानाभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. दोन हजार सात साली त्यांनी तो आखातातून एका मित्राबरोबर पाठवला होता. फोनवर म्हणाले, "वहिनी, यात कॅसेट घालायची नाही. हार्ड डिस्क आहे, सगळं आतच राहतं. मला फक्त आईचं शूटिंग करून ठेवा. चालती-बोलती आई पाहिजे. देवांचे फोटो आहेत माझ्याकडे."

दोन वर्षांतून एकदा रजा मिळायची त्यांना. तिकडे एकट्याला करमायचं नाही, आईच्या आवाजाची फार सवय.

मी दहावी शिकलेली, आकडे-अक्षरं कळतात. कॅमेरा चालू केला की कोपऱ्यात किती वेळ शिल्लक आहे ते दिसायचं... सात तास. शूटिंग केलं की आकडा खाली. मला वाटलं, कणगीतल्या भातासारखंच हे, संपलं की संपलं. कोणाला विचारायची लाज वाटली, आणि कंप्युटर तर घरात नव्हताच.

मग काय, रेशनची साखर वापरावी तसा तो कॅमेरा वापरला. नवरात्रातले घट घेतले, चंपाषष्ठीची तळी घेतली, सप्ताहातलं काल्याचं कीर्तन घेतलं. आरती संपली की लगेच बंद.

आत्यांचं राहूनच जायचं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्या अंगणात हिरडा वाळत घालायच्या, तो वरखाली करता करता एकट्याच बोलायच्या. कधी कोंबड्यांशी, कधी गेलेल्या मामांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी. मी कॅमेरा काढला की पदर तोंडावर. "माजं म्हातारीचं काय बघायचंय त्यात? द्येवाचं घे, पुण्य तरी लागंल."

मलाही ते पटायचं. सण वर्षाचा एकदा येतो, आत्या तर रोज समोर आहेत... त्यांचं काय, कधीही घेऊ.

दत्तजयंती झाली आणि पौषात आत्यांना ताप आला. दवाखान्यात तीनच दिवस होत्या. भाऊजींना रजा मिळायला वेळ लागला. आले ते दहाव्याला... घाटावर सगळे थांबले होते, तिथं थेट बॅग घेऊनच पोचले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आईचं दाखवता?"

मी कॅमेरा आणला. टीव्हीला वायर जोडली. घट दिसले, तळी दिसली, कीर्तनकार दिसले. एके ठिकाणी निरांजन धरलेला आत्यांचा हात दिसला, हिरवं गोंदण असलेला. भाऊजी पुढे सरकले... तर हात गेला.

"वहिनी, एवढंच?"

मी सगळं सांगितलं. जागा संपेल म्हणून जपून वापरलं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो वहिनी, कंप्युटरमध्ये काढून घेतलं की परत रिकामा होतो तो." बस, एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं मला.

टीव्ही तसाच चालू होता. शेवटचं शूटिंग दत्तजयंतीचं. आरती संपली, पडद्यावर नुसता देव्हारा, आणि मागून आत्यांचा आवाज आला...

"झालं न्हवं द्येवाचं? कर बंद आता, सुमन. सगळी जागा भरू नगंस. आमचा नाना आला म्हंजी त्याचं घ्यायचंय. त्याच्यापुरती ठेव राखून."

आणि बंद. मीच बंद केलं होतं, त्यांचं ऐकून. आत्या बोलत होत्या तेव्हा मी बटण शोधत होते, शब्दांकडे लक्षच नव्हतं.

भाऊजींनी ते परत लावायला सांगितलं. मग परत. चौथ्या वेळी त्यांनी टॉवेल तोंडाला लावला. आमचे हे उठून अंगणात गेले आणि कारण नसताना हिरडा वरखाली करत बसले.

चार दिवसांनी भाऊजी निघाले. आळेफाट्यापर्यंत जीप ठरवली होती. मी कॅमेरा काढला आणि त्यांचं शूटिंग सुरू केलं. चहा पिताना, बुटाची नाडी बांधताना, आत्यांच्या रिकाम्या पाटाला हात लावून नमस्कार करताना. "वहिनी, पुरे आता, जाऊ द्या," म्हणाले... पण या वेळी मी बंद केलं नाही. जीप वळणाआड गेली, त्यानंतरही रस्ता घेत राहिले.

त्यानंतर त्या कॅमेऱ्याला मी हात लावला नव्हता, तो थेट रविवारी. बॅटरी केव्हाच गेली आहे, पण वायर लावली तर चालू झाला. दत्तजयंतीचं लावलं.

आत्या म्हणाल्या, "त्याच्यापुरती ठेव राखून..." आणि लगेच पडद्यावर भाऊजी, काळे केस, वाकून नाडी बांधताहेत. मध्ये दुसरं काहीच नाही. आई बोलायची थांबते आणि लेक दिसतो.

भाऊजींचं माझ्याशी वागणं आजवर तसूभरही बदललं नाही, हे त्यांचे उपकार. आणि देवाचे हे, की त्याच्या आरतीच्या शेवटी त्यानं आत्यांना तेवढं बोलू दिलं.

कोपऱ्यात अजून चार तास शिल्लक दाखवतंय...