सात नंबरच्या बाहेरचा जॉइंट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की आमच्या घरात सगळ्यात मोठ्यानं हसणारी बाई मी. लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवायचे. अमक्या वळणावर रात्री पांढऱ्या साडीतली बाई रिक्षाला हात करते, असं कुणी सांगितलं की मी विचारायचे, भाडं देते का? जीभ तिखट आहे माझी. हे माझे मिस्टरही मान्य करतात... जरा जास्तच आनंदानं करतात. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला अंगारे-धुपारे करणारी समजू नये.

गोष्ट २००३ सालची. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या अलीकडे, मेन रोडला आमचं छोटं हॉटेल होतं. खाली जेवणघर, वर आठ खोल्या. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून गिऱ्हाईक वाढलं होतं म्हणून चार खोल्यांना एसी बसवले, वायरिंग मात्र सुरुवातीचंच राहिलं. ते केलं होतं माझ्या सख्ख्या मामानं. मामा वेळणेश्वरला राहायचा. मुंबईला एका कारखान्यात वायरमनच्या हाताखाली काम करून शिकला आणि गावी परत येऊन लोकांच्या घरात दिवे लावत फिरला. लायसन वगैरे काही नाही. त्याला मूलबाळ नव्हतं, माझ्यावर भारी जीव. लग्नात मला हाताला धरून बोहल्यावर त्यानंच नेलं. दर दसऱ्याला एसटीनं यायचा, आमच्या मेन स्विचला स्वतः झेंडूची माळ घालायचा आणि बोर्डासमोर हात जोडून गाऱ्हाणं घालायचा की माझ्या पोरीच्या हॉटेलात कुणाला इजा होऊ दे नको. मी मागे उभी राहून हसायचे.

त्या वर्षी मे महिन्यात एका पाहुण्यांच्या लहान मुलीला गीझरच्या नळाचा झटका बसला. थोडक्यात निभावलं, पण तिचा तो पांढराफटक चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. त्याच दिवशी ठरवलं – अख्ख्या हॉटेलची तपासणी करून घ्यायची, आणि ती लायसनवाल्या माणसाकडूनच.

मिस्टर म्हणाले, मामांनाच बोलावू, घरचा माणूस आहे. एका दुकानदारानं त्याच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन पाठवला. तो खालीच बसून चहा प्यायला आणि म्हणाला, वर जायची काय गरज वहिनी, सर्टिफिकेट उद्या देतो. त्याला मी चहासकट वाटेला लावला. शेवटी कदम म्हणून एक मिळाले. मी त्यांना सतराशे साठ प्रश्न विचारले. लायसन चालू आहे का, तपासायची मशीनं स्वतःची का, स्वतः येणार की माणूस पाठवणार... एवढं विचारूनही न चिडलेला हा पहिलाच माणूस. लायसनची झेरॉक्स काउंटरवर ठेवून म्हणाले, "ज्यांनी वायरिंग केलंय त्यांच्याकडून तपासून घेऊ नका. आपली चूक आपल्याला दिसत नाही." मला अगदी पटलं. ते तेव्हा कामांत अडकले होते, त्यांनी पुढची तारीख दिली.

हे मामाच्या कानावर गेलं. कुणी सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी गुहागरच्या गाडीनं तो हजर. दुपारची वेळ, जेवणघर भरलेलं. मामा काउंटरपाशी आला, घाम पुसला, चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. म्हणाला, "सुमे, मी काय सांगतंय ते ऐकून घे गो. त्या सात नंबराच्या बाहेर, वरती..."

मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. मला वाटलं आला आपल्या कामाची वकिली करायला. सगळ्यांसमोर म्हटलं, "मामा, तुझ्याकडे लायसन आहे? नाही ना? मग वरती काय नि खालती काय, ते आता कदम बघतील. उद्या माझ्या हॉटेलात कुणी मेलं तर तू भरून देणार आहेस?"

जेवणारी माणसं हातातला घास धरून बघायला लागली. मामाच्या हातून चष्मा पडला. त्यानं तो उचलला, डोळ्यांना न लावता तसाच खिशात टाकला. म्हणाला, "बरं गो बाय." जेवलासुद्धा नाही. मिस्टर त्याच्यामागं स्टँडपर्यंत गेले, मी गेले नाही. मी बरोबर होते ना! बरोबर असलेल्या माणसानं कशाला कुणाच्या मागं जायचं...

पंधरा-वीस दिवस गेले. ज्या सकाळी कदम येणार, त्याच सकाळी मामीनं शेजाऱ्यांकडून फोन केला. मामाला आदल्या संध्याकाळी झटका आला होता, अर्धं अंग गेलं, वाचा बंद. डॉक्टरांनी आशा सोडलीय, तू ये, म्हणाली. मी म्हटलं, दुपारच्या गाडीनं निघते मामी. कदमांची तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती, खोल्या त्या दिवसासाठी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या. चार तासांनी काय होतंय, असा विचार मी केला. तो विचार मला आजही जसाच्या तसा आठवतो.

कदम एकटेच वर गेले. मी खाली काउंटरला, जिन्याच्या अगदी समोर. मागच्या जिन्याचं दार मी स्वतः सकाळी आतून कडी लावून बंद केलं होतं. मिस्टर मासळी बाजारात गेलेले, आचारी किचनमध्ये. कुणीही वर गेलं नाही. हे मी कोर्टातसुद्धा सांगेन.

बऱ्याच वेळानं कदम खाली आले. हात काळे झालेले, चेहरा उतरलेला. गीझरचं अर्थिंग तुटलंय हे त्यांना त्यांच्या मशीनवर लगेच सापडलं होतं. पण ते मला बोट धरल्यासारखे वर घेऊन गेले ते सात नंबरच्या बाहेर. तिथं पॅसेजच्या छताला प्लायवूड मारलेलं होतं. एक तुकडा त्यांनी खोलला होता. आत दोन वायरी नुसत्या एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली. टेप वितळून गेलेली, शेजारची लाकडी पट्टी कोळशासारखी झालेली. एसीचा सगळा लोड त्या एका जॉइंटवरून जात होता. पर्यटकांच्या गर्दीत हे पेटलं असतं तर वरची माणसं खाली आली नसती, असं ते म्हणाले.

मी विचारलं, हे सापडलं कसं तुम्हाला?

"खरं सांगू का वहिनी, मला नसतं सापडलं. मीटरवर सगळं ठीक दाखवत होतं. तुमचे ते जुने वायरमन आजोबा आले ना वर, त्यांनी दाखवलं. शिडीपाशी उभे राहून म्हणाले, इथला पत्रा खोला, जॉइंट माझाच आहे."

प्लायवूडला पत्रा म्हणायची सवय मामाची. मी म्हटलं, कोण आजोबा? कसे होते? कदमांनी सांगितलं – बारीक, सावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि चष्म्याच्या एका काडीला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. ते ऐकून मला उलट हायसं वाटलं. मामाच्या चष्म्याला कसली टेप? चांगला धड चष्मा होता, मीच करून दिलेला. म्हणजे हा दुसराच कुणीतरी म्हातारा असणार, बाहेरचा कुणी शिरला असणार, अशी मी माझी समजूत घालत होते आणि तेवढ्यात खाली फोन वाजला. मामा गेला होता. कदम वर होते तेव्हाच.

वेळणेश्वरला पोचले तेव्हा माझीच वाट बघत सगळे थांबले होते. मामीनं मला मिठी मारली. आत त्याच्या खाटेशेजारी खिडकीत चष्मा ठेवला होता. डाव्या काडीला लाल टेप.

मी चष्मा हातात घेऊन बघत बसले तर मामी म्हणाली, "तुझ्याकडसून आले तवाच मोडलेला हो तो. पडला म्हणाले. नवा करूया म्हटलं तर नको म्हणाले, टेपीनं भागतंय." तिला बिचारीला माहीतच नव्हतं तो कुणामुळे पडला. मी तिथं जी रडायला लागले, ती बायकांना आवरेना. लोकांना वाटलं, केवढी माया भाचीची!

मिस्टर अजून म्हणतात, योगायोग. रत्नागिरीत टेप लावलेले चष्मे काय कमी आहेत? असतील. मीही हेच म्हटलं असतं. कदमांनी मामाला कधी बघितलेलं नव्हतं, चष्मा मोडलाय हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि ज्याची वाचा गेलेली तो माणूस एसटीनं तास न् तास लागणाऱ्या अंतरावर खाटेवर पडून होता. माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात ह्याचं उत्तर नाही.

वायरिंग सगळं नवीन केलं. कदम शेवटची तपासणी करायला आले तेव्हा मी त्यांना गाठलं. विचारलं, ते आजोबा अजून काही म्हणाले का? ते टाळायला लागले. म्हणाले, जाऊ द्या वहिनी. मी सोडेना, तेव्हा खाली बघत म्हणाले, "जाताना म्हणाले, सुमीला सांगू नका. ती ओरडते."

आमच्या हॉटेलात मी सगळ्यांची वहिनी. सुमी म्हणणारा एकच माणूस होता.

म्हणजे त्या दुपारी तो वकिली करायला आलाच नव्हता. आपली चूक सांगायला आला होता आणि मी त्याला सांगू दिली नाही. कदमांना निवडलं ह्याचं मला वाईट वाटत नाही. आजही लायसन बघूनच माणूस वर पाठवते. दसऱ्याला मेन स्विचला माळ मात्र मी घालते, आणि समोर हात जोडून उभी राहते. गाऱ्हाणं मला येत नाही. मनात फार येतं की म्हणावं, मामा, सांगायचंस रे मला, मी ओरडले नसते.

पण खोटं कशाला बोलू... ओरडलेच असते.