झुकलेल्या खांद्याचा कोट

मास्तरांनी शाळा जेमतेम पाहिली होती, पण सगळा बाजार त्यांना मास्तरच म्हणे. ते कोट कापायचे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्यांच्या डोळ्यांनी त्याचं निम्मं माप घेतलेलं असे. पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्याला ते म्हणत, "साहेब, श्वास सोडा. कोट घालून जेवायलाही बसाल ना?"

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधोमध कापायचं टेबल, भिंतीला उंच आरसा, आणि खिडकीशी एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून त्यांची बायको काजं करी, बटणं लावी. बाजार तिला मास्तरीणबाई म्हणायचा. दोघांच्या कामाची हद्द ठरलेली होती. मास्तरांची मोठी कात्री टेबलाच्या कडेला खिळ्यावर टांगलेली असे आणि तिला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. कात्री एका हाताला बसते, परक्या हातात गेली की रुसते, असं ते म्हणत. अंगठ्याच्या कडीवर त्यांनी स्वतःच्या हाताच्या बेतानं कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरीणबाईंनी ती कात्री फक्त पुसली होती.

एके दिवशी ती कात्री मास्तरांच्या हातातून पडली. त्यांनी तेलाला दोष दिला. मग सरळ रेघेवरची कात्री तिरकी जायला लागली. खोकला आधीपासूनच होता; तो कापडाच्या तुसांचा आहे असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की गाठ फुप्फुसात आहे आणि तिची पिल्लं डोक्यात गेली आहेत. त्यातलं एक नेमकं उजव्या हाताच्या वाटेवर बसलं होतं.

डॉक्टरबाई वयानं लहान, पण बोलायला सरळ होत्या. "डोक्यातल्या ठिपक्यांवर बाहेरून किरण सोडायचे, नेमके तेवढ्याच जागी. आणि सोबत शिरेतून एक औषध. हे औषध स्वतः रोगाला मारत नाही. आपल्या रक्तात पहारेकरी असतात ना, त्यांच्या डोळ्यांवर रोगानं पट्टी बांधलेली असते. ती हे सोडतं. किरणांनी ठिपके फुटले की पहारेकऱ्यांना चोराचा चेहराही ओळखू येईल, अशी आशा आहे."

"आशा?" मास्तरांनी विचारलं.

"आशाच. काहींना दोन्ही मिळून चांगलं लागू पडतं, काहींना नाही. वचन देता येणार नाही."

"देऊच नका. गिऱ्हाइकाला तारखेचं वचन मी आयुष्यभर दिलंय. त्याची किंमत मला ठाऊक आहे."

मास्तरीणबाईंना हसू आलं आणि पाठोपाठ डोळे पुसावे लागले.

किरण घेताना डोकं तसूभर हलू नये म्हणून चेहऱ्याचा मुखवटा करायचा होता. गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी चेहऱ्यावर ओढून बसवतात, ती गार झाली की कडक होते. मास्तर निजले, जाळी चेहऱ्यावर आली आणि थोड्या वेळानं तिथला तंत्रज्ञ कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, गाल कशाला फुगवलेत?"

जाळी निघाल्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "नवा माल आटतो. थोडा सैल बेतलेला बरा."

"अहो, हा अंगाला चिकटूनच हवा! यात डोकं फिरलं तर किरण भलतीकडे जातील."

"मग तसं आधी सांगायचं. आम्ही घट्ट बेतला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं."

मुखवटा पुन्हा करावा लागला. ही गोष्ट मास्तरांनी बाजारभर सांगितली, आणि प्रत्येक वेळी त्यांचे गाल आधीपेक्षा जास्त फुगले.

डोक्यातली सूज उतरावी म्हणून गोळ्याही सुरू होत्या. त्यांनी चमत्कार केला. हात ताळ्यावर आला, भूक लागायला लागली, चेहरा वाटोळा झाला. त्याच सुमारास पोस्टमन कापड घेऊन आला. नोकरीभर टपालाची पिशवी वाहून त्याचा डावा खांदा खाली गेला होता. आता तो निवृत्त होणार होता.

"वहिनी, मास्तरांना सांगा, निरोपाच्या दिवशी तरी मला सरळ माणूस करा."

"तू वाकडा कधी होतास?" मास्तर म्हणाले. "खांदा वाकडा आहे. तो मी बघतो." असा खांदा नुसता कापूस भरून उचलला जात नाही, बाही जोडतात तो मुंढाच वेगळा कापावा लागतो. ते बाजारात त्यांनाच जमे.

किरणांचं काम आटोपल्यावर डॉक्टरबाईंनी बजावलं, "आता सुजेची ही गोळी हळूहळू कमी करत बंद करायची. गरज असेल तिथे मी स्वतः देते. पण शिरेतलं औषध पहारेकऱ्यांना जागं करतंय आणि ही गोळी त्यांनाच गुंगी आणते. गरज नसताना दोन्ही एका वेळी नको."

मास्तरांनी मान हलवली.

पुढे काही आठवडे गेले. गोळी जास्त असताना मास्तरीणबाईंनी नवऱ्याच्या शर्टांच्या गळ्याची बटणं पुढे सरकवली होती. आता सूज उतरली असेल, बटणं परत जागेवर लावू, म्हणून एका दुपारी त्या टेप घेऊन उठल्या.

"मान वर करा."

"माझंच माप? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक निदान उभं तरी राहतं."

त्यांनी टेप गळ्याभोवती फिरवला. मग सोडला आणि पुन्हा फिरवला. गळा उतरला तर नव्हताच, उलट बोटभर वाढला होता. मास्तर आरशाकडे पाठ करून उभे होते. चोराच्या मनात चांदणं.

"अहो, गोळी कमी केलीत ना?"

"केली की."

"टेप खोटं बोलत नाही, हे तुम्हीच सांगता सगळ्यांना."

भिंतीला वर्षानुवर्षं एक कोट लटकत होता, कुणीच न्यायला न आलेला. त्याच्या खिशातून मास्तरांनी गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून आणलेलं.

"दोन दिवस कमी करून पाहिली," ते म्हणाले. "खडू धरवेना. कापड अजून तसंच पडलंय गं. एवढा एक कोट कापतो, मग सोडतो."

"त्या कोटासाठी औषध वाया घालवताय? पोस्टमन कोटाशिवाय जगेल."

"तो जगेल. पण हा हात गेला तर मी कोण उरतो?"

मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. राग तर इतका आला होता की हातातली सुई दोनदा बोटात शिरली. शेवटी त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? मी हाताशी लग्न केलं नव्हतं." आणि सुई खोचून ठेवत, "उद्या डॉक्टरबाईंना सांगायचं. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. गोळी एकदम तोडू नका, त्यानंही जिवावर बेतेल, असं सांगून त्यांनी ती पुन्हा पायरीपायरीनं उतरवायला घेतली. "गेल्या आठवड्यांत औषध किती अडलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "ते कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि हात हातात घेतला. मास्तरांचा नव्हे, मास्तरीणबाईंचा. मास्तर छताकडे बघत राहिले.

गोळी उतरत गेली तसा चेहरा उतरला, भूक गेली, आणि हातही पुन्हा आडमुठा झाला. बटणं जागेवर आली. डोक्याच्या नव्या फोटोत दोन ठिपके आक्रसले होते. तिसरा, हाताच्या वाटेवरचा, थोडा मोठा दिसत होता. तो वाढतोय की पहारेकरी जमल्यानं सुजलाय, हे आत्ता कळणार नाही, वाट पाहावी लागेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

परत येऊन दुकान उघडल्यावर मास्तरांनी पोस्टमनचं कापड टेबलावर पसरलं. खडू डाव्या हातात घेतला आणि ठिपक्याठिपक्यानं, लहान मूल अक्षर गिरवतं तसा, मुंढा आखला. बराच वेळ लागला. मग खिळ्यावरची कात्री काढून ते बसले आणि अंगठ्याच्या कडीवरची पट्टी उलगडू लागले. वर्षानुवर्षांच्या घामानं ती काळी, कडक झाली होती.

"अहो, हे काय करताय?"

"तुझा अंगठा इकडे कर."

"मी? मला काजं येतात फक्त! महागाचं कापड आहे ते."

"तुझ्यासारखं सरळ काज सबंध बाजारात कुणी करत नाही. अंगठा."

त्यांनी नवी पट्टी घेतली आणि तिचा अंगठा आत घालून घालून, सैल का घट्ट विचारत, कडीवर गुंडाळली. एक हात धड चालत नव्हता, म्हणून शेवटची गाठ तिनंच मारली.

"घट्ट झालंय," ती म्हणाली.

"घट्टच हवं. सैल बेतून मी एकदा फसलोय."

ती टेबलाशी उभी राहिली. मास्तर तिच्या खांद्यामागे.

"श्वास सोड," मास्तर म्हणाले. "आणि वळणावर थांबू नकोस. थांबलीस की कापडाला दात पडतात. मी सांगेन तेव्हाच थांबायचं."

कात्री जड होती. कापडावर पहिला आवाज उमटला तेव्हा मास्तरांचा उजवा हात, टेबलाच्या कडेवर पडलेला, आपोआप थोडा उघडून मिटला.

"हं," ते म्हणाले. "चल पुढे."