दुसऱ्या मजल्यावरची काउंटेस

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या अख्ख्या सरकारी वसाहतीत अस्सल मराठी बाई एकच होती, आणि ती स्कॉटलंडची होती. बाकी आम्ही सगळे नावापुरते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या या काकू तरुणपणी भारत बघायला आल्या, कसल्याशा परवान्यासाठी एका सरकारी कचेरीत गेल्या, तिथे काकांनी त्यांना तीनदा 'उद्या या' सांगितलं आणि चौथ्यांदा लग्नाचं विचारलं. मराठी त्या साताऱ्याच्या सासूबाईंकडून शिकल्या, त्यामुळे माझ्या आईलाही न येणारे शब्द त्यांच्या तोंडी असत. धिरडं तव्यावर टाकून "उलथनं दे गं" म्हणायच्या, आणि मी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आधी चिमटा, मग किसणी, शेवटी घाबरून अख्खं ताटाळंच पुढे करायचे. "राहू दे बाळ, धिरडं जळलं, पण तू कष्ट फार घेतलेस." जूनच्या भर दुपारी त्या डोक्याला ओला पंचा गुंडाळून "काय छान ऊन पडलंय!" म्हणत फिरायला निघायच्या. परदेशी मॅडम बघून भाजीवाल्याने भाव चढवला, की दुधीला नख लावून खडसावायच्या, "भैया, ये जून है, इसको कोवळा नहीं बोलते!" तो बिचारा न समजताच भाव उतरवायचा. घरीदारी मी 'हं' आणि 'नाही' यांवर भागवत असे. काकूंच्या ओट्याशी मात्र तासन् तास बोलायचे, कारण माझा शब्द चुकला तर त्या हसत नसत.

मग तिकडे त्यांचा भाऊ वारला. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि त्यांच्या घराण्यात मुलगा नसला की सरदारकीची पदवी लेकीकडे येते. काकू काउंटेस झाल्या. काकांना काहीच मिळालं नाही. काउंटेसचा नवरा म्हणे नुसता नवराच राहतो. "बघ," काका मला म्हणाले, "मी बावीस वर्षं सेक्शन ऑफिसर. हिला वरणाला फोडणी घालता घालता प्रमोशन!" पदवीबरोबर एक गळकी गढीही आली. वकिलांनी कळवलं, येऊन राहा, नाहीतर विकावी लागेल. इकडे काका एप्रिलअखेर रिटायर होणार, म्हणजे क्वार्टर सुटणार. गढी की गुरुग्राममधला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, एवढाच प्रश्न उरला. मी रोज मनातल्या मनात गुरुग्रामला मत देत होते. तिथे मेट्रोने तरी जाता आलं असतं.

महिला मंडळाची चिंता वेगळीच होती. चैत्राच्या हळदीकुंकवात पहिलं कुंकू जॉइंट सेक्रेटरींच्या मिसेसना, मग डायरेक्टरांच्या, असं उतरत उतरत ते आमच्या जिन्यापर्यंत यायचं. आता काउंटेस कुठे बसवायची? "यार, पे-लेव्हल कितवी धरायची?" यावर दोन मीटिंगा झाल्या, आणि इंग्रजी चांगलं म्हणून नियम शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी ते काकूंना सांगितलं, तर त्या हसता हसता खुर्चीवरून कलंडल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी येऊन थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि डाळीसाठी कैरी किसायला बसल्या. "मी कामात आहे, मला शेवटी लावा." काउंटेस शेवटी म्हटल्यावर पहिलं कुंकू घ्यायला कोण धजणार? जॉइंट सेक्रेटरींच्या मिसेस तडक आत आल्या. "मी पन्हं ढवळते ना, मला बिल्कुल घाई नाही!" त्यांच्यामागून डायरेक्टरांच्या, त्यांच्यामागून सगळ्याच. दहा मिनिटांत आठ फुटी स्वयंपाकघरात बावीस पैठण्या, आणि बाहेर चैत्रगौर पाळण्यात एकटी.

त्या चेंगराचेंगरीत कोणीतरी विचारलं, "मग काय ठरलं हो? गुरुग्राम?"

"नाही. गढी. मेमध्ये निघतोय."

"जाऊ नका," कोणीतरी मोठ्याने म्हणालं. सगळ्या माझ्याकडे वळल्या, तेव्हा कळलं की तो माझाच आवाज होता.

काकूंची किसणी थांबली. कैरीच्या ओल्या हाताने त्यांनी माझा गाल धरला. "अगं, माझ्या आईची खोली गळतेय. गळतीखाली बादली ठेवायला घरचं कोणी नको का?"

त्या गेल्या. दर रविवारी फोन करतात. "हे दिवसभर पेपरात डोकं घालून बसतात गं, मराठी कानावर पडत नाही. बोल काहीतरी." मग मी बोलत सुटते: बसमध्ये कोण भांडलं, ऑफिसात काय झालं, वरच्या क्वार्टरमध्ये कोण राहायला आलं. मी थांबले, की तिकडून हळूच येतं, "हं, मग?" आणि मला आणखी काहीतरी आठवावं लागतं.