न आलेले चार दिवस

सकाळपासून अंगात कसकस होती, म्हणून तापाच्या गोळ्या आणायला स्वतःच मेडिकलमध्ये गेले. पुढे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. दुकानदारानं पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि तिनं ते घाईघाईनं दप्तरात कोंबलं. तिच्या वयात मीही लपवायचे, पण पाळी येत नाही, हे.

सतरावं संपत आलं तेव्हा आईनं मला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. सोनोग्राफी पाहून त्या म्हणाल्या, "हिला जन्मापासूनच गर्भपिशवी नाही. क्वचित एखादीला असं असतं." घरात शिरल्यावर आई म्हणाली, "शेजारच्या काकू विचारायला लागल्यात. सोमवारपासून चार दिवस बाजूला बसायचं."

मग दर महिन्याला मी मागच्या पडवीत चटईवर बसू लागले, वेगळं ताट आणि वेगळा तांब्या घेऊन. तारखा आईच ठरवायची. एकही महिना तिनं चुकवला नाही. कुंपणापलीकडून बघून काकू निर्धास्त झाल्या.

एकदा त्या दिवसांत मला सणकून ताप भरला. काकू गावाला गेल्या होत्या, बघायला कुणीच नव्हतं. आई चहा घेऊन आली. तिनं हात लावून बघावा म्हणून मी कपाळ पुढे केलं. तिचा हात अर्ध्यावर आला आणि थांबला. मग तिनं वरूनच माझ्या कपात चहा ओतला.

"तिसराच दिवस आहे ना आज," ती म्हणाली.