तिरकी सुरकुती

वसईच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे केसाहून पातळ प्लास्टिकची फिल्म रोलरांवरून धावत असते. एखादा रोलर किंचित कलला, की फिल्मवर तिरकी सुरकुती उमटते, पुढे तिचीच घडी होते आणि माल वाया जातो. ही सुरकुती उमटत असतानाच कॅमेऱ्याने ओळखावी आणि यंत्राने रोलर आपणहून सरळ करावा, हे माझं संशोधन. पण कॅमेऱ्याला घडी दिसायची, तिची सुरुवात दिसत नसे.

तेव्हा मनवेलपाड्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज सकाळी वहिनी आईला कुशीवर वळवून धरायची आणि मी चादर ओढायची.

"ताई, तुमच्या कंपनीतून एक रोलर आणा," वहिनी म्हणायची. "आईंना त्यावरूनच फिरवू."

"आणि माझीच घडी झाली म्हणजे?" भिंतीकडे तोंड करून आई विचारायची.

एका सकाळी वहिनी गॅस बंद करायला आत गेली. खिडकीतून ऊन अगदी आडवं आलं होतं आणि त्यात चादरीवरची प्रत्येक तिरकी रेघ सावलीसकट दिसत होती. कारखान्यात आमचा दिवा फिल्मच्या बरोबर वर होता. तो कडेला, खाली हवा होता. मी फोन काढला.

"आई, जरा अशीच राहा."

कुशीवर तिला धाप लागते, हे मला माहीत होतं.

"झालं का गं?"

"झालं, झालं," म्हणत मी तिसरा फोटो घेतला.

दिवा हलवला आणि कॅमेऱ्याला दिसू लागलं. त्याच आठवड्यात आई गेली. ती जाईपर्यंत मी फार आनंदात होते, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता या कामावर मला परिषदेत बोलायचं आहे. साहेबांना तो फोटो हवा आहे. कडेला आईचं कोपर दिसतं. "तेवढं कापा," ते म्हणाले.

कापायला म्हणून मी तिन्ही फोटो शेजारी ठेवले. सुरकुती जिथून निघते तिथे दोष शोधायचा, असं आमच्याकडे नव्या मुलांना मीच शिकवते. सगळ्या रेघा कोपरापासून निघाल्या होत्या. धरायला कुणी नव्हतं, म्हणून आई त्यावर भार देऊन तोल सांभाळत होती. प्रत्येक फोटोत रेघा अधिक खोल होत्या. साहेबांना दाखवायला मी निवडला होता तो तिसरा.

साहेबांना मी फोटोऐवजी कागदावर पट्टीने रेघा काढून दिल्या आहेत.