काडतूसकाकांचं संथ अक्षर

काडतूसकाका दुकानातली सगळी कामं धावत करायचे. लिहायचे मात्र मुंगीच्या चालीने. दारातलं बर्फ फावड्याने काढणं, फ्रिजमध्ये गळाला लावायच्या गांडुळांचे डबे रचणं, सुटे पैसे परत देणं, सगळं खटाखट. पण गिऱ्हाइकाने काडतुसांची पेटी मागितली की आधी चष्मा पुसणार, मग कार्ड मागणार, मग रजिस्टर उघडून पेन झटकणार, आणि नाव, पत्ता, कुठली काडतुसं, किती, असं एकेक अक्षर कोरायला घेणार. हरणांच्या शिकारीच्या सीझनआधीच्या आठवड्यात रांग दारापर्यंत जायची. मागून कोणीतरी ओरडायचं, "अहो, सीझन संपेल आमचा!" काका शांतपणे पुढच्या माणसाला विचारत असायचे, "मग, यंदा कुठे? बरोबर कोण आहे?"

कॅनडातल्या स्कारबरोच्या पार पूर्वेच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. बंदुका नव्हत्या तिथे. मासेमारीचे गळ, गमबूट, थर्मल मोजे, भिंतीवर टांगलेली लाकडी वल्ही, आणि काउंटरमागच्या कुलपाच्या कपाटात काडतुसं. बंदुकीच्या लायसन्सचं कार्ड ओटावाचं, म्हणजे केंद्र सरकारचं, रजिस्टर ठेवायचा कायदा प्रांताचा. कार्ड बघितल्याशिवाय पेटी द्यायची नाही आणि लिहिल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढं मी तिथे कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मला कळलं. अक्षराचं कोडं मात्र उलगडेना. शेवटी धीर करून विचारलं, "काका, एवढं सावकाश का लिहिता? लोक चिडतात."

"चिडू देत गो," ते म्हणाले. "सरकारने लिहायला सांगितलंय. लिहायला वेळ लागतो. तेवढा वेळ माणूस आपल्यासमोर उभा असतो की नाही? त्याच्याकडे बघायचं. कार्ड काय, कोणाचंही खरं असतं."

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे. कोकणातलं मराठी कॅनडात तीस-पस्तीस हिवाळे काढूनही तसंच्या तसं राहिलेलं. मराठी मंडळाच्या गणपतीला ते हमखास यायचे. तिथे पुण्या-नागपूरची सॉफ्टवेअरवाली मंडळी त्यांना घेरायची. 'काडतूसकाका' हे नाव त्यांनीच ठेवलं. "काका, मॅनेजरसाठी एक पेटी बाजूला काढा ना," असं कोणी म्हटलं की सगळे हसायचे. काका हसायचे नाहीत. "कार्ड आहे?" एवढंच विचारायचे आणि पुढच्या मोदकाकडे वळायचे.

तिथेच त्यांनी मला पाहिलं. माझा नवरा ट्रक चालवायचा, आठवडा-आठवडा बाहेर. मी तासगावकडची, नववीत शाळा सुटलेली. मंडळात बायका "तू काय करतेस?" असं विचारायच्या तेव्हा मी पंगतीत वाढायला उठायचे. काकांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. नववी झाली नाही माझी."

"एबीसीडी येते?"

"येते."

"माणसाच्या तोंडाकडे बघता येतं?"

मी मान खाली घातली होती ती वर केली. "सोमवारी ये," काका म्हणाले. पोलिसांकडून माझं नाव तपासून आलं आणि मी काउंटरमागे उभी राहिले. त्या काळात मला कशाचीही भीती वाटायची. फोन वाजला तरी, बसचा ड्रायव्हर काही बोलला तरी. कपाटाची किल्ली कमरेला लावली की दर दहा मिनिटांनी ती चाचपून बघायचे. तरी सांगते, त्या किल्लीइतका मान मला तोवर कोणी दिला नव्हता.

शनिवारची गोष्ट वेगळी होती. काका शब्बाथ पाळायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की दुकानाच्या वरच्या खोल्यांत जायचे. काकू गेल्यापासून एकटेच. शनिवारी फोन नाही, पैशाला हात नाही, लेखणी नाही. पण शिकारी येणार ते शनिवारीच. म्हणून त्यांनी जुन्या रिवाजाप्रमाणे तोडगा काढला होता. शनिवारचा धंदा माझा, नफाही माझा. "त्या दिवशी मालकीण तू," ते बजावायचे. "मला विचारायला वर यायचं नाही. मी मालकच नाही, तर सांगू काय?"

बाकीच्यांना ही गंमत वाटायची. मला शनिवारी सकाळी चहा जायचा नाही.

असाच एक नोव्हेंबरातला शनिवार. बर्फ भुरभुरत होतं, दुपारी दुकान रिकामं झालेलं, आणि डग आला. डग काकांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, म्हणजे खरं तर दोस्तच. काकांच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानेच त्यांना बर्फात गाडी काढायला शिकवलं होतं. दर वर्षी यायचा तो मेव्हण्याबरोबर, मोठ्याने बोलत, दोन पेट्या काडतुसं, हात शेकायच्या पुड्या आणि खारे दाणे घेऊन जायचा. त्या उन्हाळ्यात त्याची बायको वारली होती. काका मयतीला जाऊन आले होते.

त्या दिवशी तो एकटा होता. काउंटरशी येऊन त्याने कार्ड ठेवलं आणि आपली नेहमीची काडतुसं सांगितली. मी कपाट उघडलं, पेटी काढली. तो म्हणाला, "पेटी नको. एक दे."

मला वाटलं, माझंच इंग्रजी. "एक पेटी?"

"एक. सुटं."

"सुटं नाही मिळत, डग."

"बरं, मग पेटी दे."

कार्ड बघितलं. त्याचंच, मुदतही शिल्लक. मी रजिस्टर उघडलं आणि लिहायला लागले. काकांसारखंच, एकेक अक्षर. त्याचं नाव लिहिता लिहिता मी त्याच्याकडे पाहिलं. डोक्यावर टोपी नाही. दाढी वाढलेली. काउंटरच्या कडेवरून खाली नजर गेली तर पायात घरातल्या सपाता, बर्फाने चिंब. माझं पेन थांबलं.

"यंदा कुठे?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

"बरोबर कोण?"

तो माझ्यामागच्या भिंतीकडे बघत राहिला. त्याचं घर मला माहीत होतं, दोन गल्ल्यांवर. सपातांनी चालत येण्याइतकं जवळ. आणि सपातांनी परत जाण्याइतकंही.

मी पेटीवर हात ठेवला. "आज नाही, डग."

"का? कार्ड चांगलं आहे."

"कार्ड चांगलं आहे."

"मग? हा कायदा आहे की नाही? काय चुकलं ते दाखव."

रजिस्टरमध्ये दाखवायला काही नव्हतं. जे चुकलं होतं त्याला रकाना नव्हता. माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे, "यू सिट. चहा."

"मला चहा नकोय!" तो ओरडला. "तुझ्या बॉसला सांगतो मी. सोमवारी तू इथे नसशील!" आणि त्याने पेटीवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. बर्फासारखा गार. त्या गार हाताची मला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

वर काकांच्या पावलांचा आवाज येत होता. वर यायचं नाही, हे सांगितलेलं होतं. मीच मालकीण. नोकरी गेली तर नवऱ्याला काय सांगायचं, तेही डोक्यात येऊन गेलं. मग मी दुसऱ्या हाताने भिंतीवरचं वल्हं ओढलं आणि छताला धडाधड ठोकलं. डग दचकून माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं.

वरची पावलं थांबली. मग जिना वाजला.

काका आले ते पांढऱ्या शर्टात, डोक्यावर गोल टोपी. मला काही विचारलं नाही. डगचा चेहरा पाहिला, सपाता पाहिल्या, माझा हात कशावर आहे ते पाहिलं. मग काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला जाऊन डगच्या शेजारी उभे राहिले.

"हिला सांग, मला पेटी दे म्हणून," डग म्हणाला.

"आज दुकान तिचं आहे," काका म्हणाले. "ती नाही म्हणाली की नाही. आणि माझ्याकडून हवी असेल तर मला आज लिहिता येत नाही. लिहिल्याशिवाय मी कोणाला दिलीय कधी?"

"मग उद्या येतो."

"ये की. पण उद्यापर्यंत काय करणार? वर चल. कालचं वालाचं बिरडं आहे. गारच आहे, शनिवारी मी चूल पेटवत नाही."

डग हलेना. काकांनी फळीवरून त्याच्या मापाचे बूट काढले आणि त्याच्या पायाशी ठेवले. "घाल. विकत नाहीये, शनिवार आहे."

डगने बुटांकडे पाहिलं. मग तो एवढा थोरला माणूस फळीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. काका त्याच्या बाजूला बसले, पांढऱ्या शर्टासकट, ओल्या फरशीवर. मी पेटी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली कमरेला लावली आणि वल्हं परत भिंतीवर टांगलं.

रविवारी मेव्हणा येऊन डगची बंदूक आपल्या घरी घेऊन गेला. काका डगला घेऊन डॉक्टरकडे गेले, पुढेही जात राहिले. मी सोमवारी दुकानात आले ती मला काढून टाकतील हे धरूनच. शब्बाथ मोडायला लावला होता मी. काका रजिस्टर उघडून बसले होते. माझी अर्धी ओळ तिथे होती, डगच्या नावापाशी थांबलेली. पुढे त्यांनी माझ्याकडून 'विक्री नाही' असं इंग्रजीत लिहून घेतलं.

"काका, तुमचा शनिवार..." मी सुरुवात केली.

"जीव वाचत असेल तर शनिवार बाजूला होतो. आमच्यात तसंच सांगितलंय," ते म्हणाले. मग रजिस्टर मिटून उठले आणि फ्रिजकडे धावता धावता म्हणाले, "बाकी मालकीणबाई, धंदा चांगला केलात."

वसंतात डग गांडुळं घ्यायला आला. माझ्याशी बोलला नाही. जाताना काउंटरवर खाऱ्या दाण्यांची पुडी ठेवून गेला.

पुढे काही वर्षांनी ओटावाने शिकारीच्या लांब बंदुकांची नोंदणी बंद केली. गिऱ्हाइकं खुशीत होती. "आता ही वहीपण जाळा!" म्हणायची. काका लिहीतच राहिले. मात्र गुडघे गेले होते, जिना झेपेना. मुलगी इस्रायलमध्ये होती, तिने तिकडेच या असा आग्रहच धरला, आणि दुकान बंद झालं.

विमानतळावर त्यांना सोडायला डगने गाडी काढली होती. पायात तेच बूट. काकांचं सामान आत गेलं, आणि मी म्हटलं, "काका, पत्ता तरी द्या." त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा पुसला, पेन झटकलं आणि लिहायला घेतलं. घर, रस्ता, गाव. एकेक अक्षर. मागे लोक घाई करत होते. माझे डोळे कागदावर होते. मान वर केली तेव्हा कळलं, काका कागदाकडे बघतच नव्हते.

"आता कुठे गो?" त्यांनी विचारलं.

"फार्मसीत मिळालंय, काउंटरवर."

"आणि बरोबर कोण?"

नवरा त्या आठवड्यात विनिपेगच्या वाटेवर होता. मी मागे पाहिलं. डग गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता.

"डग आहे," मी म्हटलं.

मग काकांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्या हातात दिला.