पाहायला आलेले लोक

"काळजी घ्या" म्हणायला पैसे पडत नाहीत, म्हणून आमच्याकडे ते पोत्याने वाटतात.

दोन हजार चार साली बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. नागपूरच्या दवाखान्यातून त्यांना गोंदियाजवळ कामठ्याला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवसापासून लोक त्यांना 'पाहायला' येऊ लागले. आजारी माणसाला पाहायला जाणं हे आमच्याकडे कर्तव्य. जो येणार नाही, त्याच्याशी पुढच्या लग्नापर्यंत अबोला. म्हणून सगळे येतात. आणि आलेल्या माणसाला उपाशी जाऊ देऊ नये, हे आजाऱ्याच्या घरच्यांचं कर्तव्य. थोडक्यात, एकाने खाटेवर आजारी पडायचं आणि दुसऱ्याने चुलीपुढे.

सगळ्यात नेमाने यायचे ते माझे काका, निवृत्त गुरुजी. खाटेजवळ खुर्ची ओढून बसायचे आणि बाबांच्या लुळ्या हाताकडे न पाहता आईला प्रवचन द्यायचे. "पैसा जपून वापरजा, वहिनी. भाऊची काळजी घेजा. अन् तुमची बी घेजा." एवढं बोलून घसा कोरडा पडायचा. मग, "चहात साखर कमी टाकजा, मले शुगर आहे." स्वतःची काळजी घेण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. चहासोबत गुळाचे गुलगुले मात्र चार लागायचे. तिथे शुगर आडवी येत नसे.

मी त्यांची नक्कल करून बायकोला हसवायचो. मी गोंदियाला सरकारी कचेरीत कारकून. दर रविवारी बायको-मुलांना घेऊन कामठ्याला जायचो, चार सफरचंदं न्यायचो, बाबांचे रिपोर्ट चाळायचो, आईला दोन सूचना द्यायचो, पोटभर जेवायचो आणि दुपारी ताणून द्यायचो.

त्याच दिवसांत भातात खडे येऊ लागले. हा धानाचा मुलूख. इथे भाजी करपली तर माफ आहे, भातातला खडा माफ नाही. काका खडा काढून ताटाच्या कडेला असा ठेवायचे की पंगतीतल्या प्रत्येकाला दिसावा. एकदा मीही म्हणालो, "आई, तांदूळ पाहून निवडत जा ना."

"पाहूनच निवडतो रे," आई म्हणाली. "दिसत नाही."

मोतीबिंदू होता. मी शहाण्यासारखं सांगितलं, "पिकू दे. मग काढू." कोणाला विचारून सांगितलं? कोणालाच नाही. मोतीबिंदू म्हणजे काय आढीतला आंबा आहे? पण 'पिकू दे' म्हटलं की दवाखान्याची चक्कर वाचते आणि सल्ला दिल्याचं पुण्यही मिळतं. पुढे एकदा तिने बाबांची रात्रीची गोळी सकाळी दिली. दोन्ही गोळ्या पांढऱ्या. बाबा दिवसभर गुंगीत पडून राहिले. काकांनी निष्काळजीपणावर वेगळं प्रवचन दिलं आणि मी शेजारी बसून मान डोलावली.

त्या हिवाळ्यात आईचा फोन आला. "तुया बाबाले चार दिवस तुयाकडे ठेव. मी नवेगावबांधले बहिणीकडे जाऊन येतो."

माझं डोकंच फिरलं. आजारी नवऱ्याला टाकून ही तळ्याकाठच्या बहिणीकडे मासोळ्या खायला निघाली! तरी बाबांना घेऊन आलो. चार दिवस मी त्यांची सेवा केली, म्हणजे माझ्या बायकोने केली, आणि मी ती कचेरीत सांगितली. मराठीत सांगितली, हिंदीत सांगितली. "माँ-बाप को आजकल कौन देखता है," असं साहेब म्हणाले तेव्हा मी नम्रपणे खाली पाहिलं. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

रविवारी बाबांना परत पोचवायला गेलो तर आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा. "डोळे आले," ती म्हणाली. मी लगेच मुलांना तिच्यापासून लांब बसवलं. नवेगावहून ती दरवेळी मासोळ्या आणायची, या खेपेला आणल्या नव्हत्या. त्यावरही मी कुरकुरलो.

दीडेक महिना गेला. एका रविवारी जेवताना लक्षात आलं की भातात खडा नाही. काका बराच वेळ भात चिवडत राहिले, त्यांचा अगदी हिरमोड झाला. ते गेल्यावर मी बाबांच्या गोळ्यांचा डबा उघडला, तर तळाशी घडी घातलेला एक कागद होता. नेत्रशिबिराचा. आईचं नाव, ऑपरेशनची तारीख त्याच चार दिवसांतली, जागा गोंदियातली. माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवरची. सोबतच्या नातेवाइकाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कोणी नाही'.

आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. मी कागद तिच्यापुढे धरला. "काऊन नाही सांगतलं मले?"

"सांगतलं असतं त तू आला असता."

"मग? येणारच ना!"

"तू आला असता, बायको आली असती, लेकरं आले असते. मग तुया काकाले समजलं असतं. अन् घरी आल्यावर साऱ्यायचा चहा कोणं केला असता? डोळ्यावर पट्टी बांधून मीच ना?" तिने सुपातला एक खडा अचूक उचलून अंगणात फेकला आणि हसली. "तीन दिवस आयतं जेवली, बाबू. डोळ्यात औषध बी दुसरंच कोणी टाके. तीन दिवस मले कोणी काही मागतलं नाही."

मला आधी राग आला. मग लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. जन्मभर ज्यांची नक्कल केली, त्या काकांच्या आणि माझ्या येण्यात तिला काही फरक दिसला नव्हता, आणि आता तर तिला चांगलं दिसत होतं.

सूप बाजूला ठेवून ती गुडघ्यावर हात टेकत उठली. "चहा ठेवू?"

मी उठायला हवं होतं. चूल चार पावलांवर होती.

"ठेव," मी म्हणालो. "साखर कमी."